सुप्त विषाणूचे जागरण : एच.आय.व्ही.च्या समूळ निवारणाच्या एका मार्गाचा इतिहास आणि महाराष्ट्र

१. प्रश्नाचे स्वरूप

वेरूळ हे खुलताबाद तालुक्यातील गाव. तेथून छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सुमारे ३० किलोमीटरांवर असून मराठवाड्यात ते 'घाटी' या नावाने ओळखले जाते. वेरूळसारख्या गावातील एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीला शासकीय ए.आर.टी. केंद्रातून औषध विनामूल्य मिळते. ते नियमाने घेतले असता बहुतेक रुग्णांच्या रक्तात विषाणू चाचणीला सापडेनासा होतो, प्रतिकारशक्ती सावरते आणि आयुर्मर्यादा सर्वसामान्य माणसाच्या जवळपास जाऊन पोहोचते. तथापि हेच औषध बंद केल्यास बहुधा काही आठवड्यांतच विषाणू रक्तात पुन्हा दिसू लागतो. वीस वर्षे अखंड औषध घेतलेल्या रुग्णाच्या बाबतीतही हीच गोष्ट घडते. ही गोळी त्यामुळेच आजन्म घ्यावी लागते.

सापडेनासा झालेला विषाणू या काळात कोठे असतो, आणि त्याला तेथून बाहेर काढून नष्ट करता येईल काय, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा इतिहास हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. या इतिहासाचे अवलोकन केले असता दोन गोष्टी ठळकपणे दिसून येतात. विषाणू जागा झाल्याचे प्रमाण मोजता आले म्हणजे तो निघून जाण्याचा मार्ग सापडला, अशी समजूत या संशोधनात वारंवार झाली आणि वारंवार खोटी ठरली, ही पहिली. दुसरी गोष्ट अशी की, हे संशोधन ज्या विषाणूवर आणि ज्या रुग्णांवर प्रामुख्याने झाले, तो विषाणू व ते रुग्ण महाराष्ट्रातील विषाणू व रुग्णांहून भिन्न आहेत. या दुसऱ्या गोष्टीचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

२. कल्पनेचा उगम

निद्रिस्त विषाणूला जागे करण्याची कल्पना एड्स या रोगाहून जुनी आहे. जीवाणूंवर जगणाऱ्या काही विषाणूंचे वंशद्रव्य जीवाणूच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे राहते आणि कधी तरी अकस्मात प्रकट होऊन जीवाणूचा नाश करते, असा दावा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेकांनी केला होता. परंतु तो निरीक्षणातील दोष होय, असे म्हणणारा पक्षही तितकाच प्रबळ होता. पॅरिस येथील पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वॉफ यांनी एकेका जीवाणूचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून हा वाद निकालात काढला. १९५० साली ल्वॉफ व त्यांचे सहकारी यांनी अशा जीवाणूंवर अतिनील किरण सोडले असता जवळजवळ सर्व जीवाणू फुटून त्यांतून विषाणू बाहेर पडले. सुप्त विषाणू बाह्य उपायाने, हेतुपुरस्सर जागा करता येतो, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. १९६५ साली ल्वॉफ यांना झाकोब व मोनो यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

याच पाश्चर संस्थेत १९८३ साली फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्युक माँतान्ये आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे एच.आय.व्ही. म्हणून ओळखला गेलेला विषाणू वेगळा काढला. या विषाणूचे वंशद्रव्य आर.एन.ए.चे असते. त्यापासून डी.एन.ए. तयार होतो आणि तो रोगप्रतिकारक पेशीच्या स्वतःच्या डी.एन.ए.मध्ये कायमचा सांधला जातो. सांधलेल्या या अंशास पूर्वविषाणू म्हणावे. पेशी कार्यरत असेल तर पूर्वविषाणूवरून नवे विषाणू बनतात व ती पेशी बहुधा मरते. परंतु थोड्या पेशी संसर्ग झाल्यानंतर मरण्यापूर्वीच विश्रांत अवस्थेत जातात. रोगजंतूंची स्मृती वर्षानुवर्षे जपून ठेवणे हेच या स्मृतिपेशींचे कार्य असते. अशा पेशीत पूर्वविषाणूवरील डी.एन.ए. हिस्टोन या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला राहतो, तो वाचला जात नाही, आणि त्यापासून एकही प्रथिन तयार होत नाही. औषधे विषाणूच्या वाढीतील टप्पे रोखतात. जेथे वाढच नाही तेथे त्यांना रोखण्यासारखे काही नसते. रोगप्रतिकारक यंत्रणेसही ही पेशी इतर निरोगी पेशींहून निराळी ओळखता येत नाही.

३. आशा आणि गणित

१९९६ साली तीन औषधांच्या संयुक्त उपचाराचे परिणाम प्रसिद्ध झाले. मृत्यूच्या दारातील रुग्ण उठून कामाला जाऊ लागले. पुढील वर्षी ॲलन पेरेलसन, डेव्हिड हो व त्यांचे सहकारी यांनी रक्तातील विषाणू ज्या वेगाने घटतो त्यावरून असे अनुमान काढले की, हा उपचार २.३ ते ३.१ वर्षे पूर्णपणे यशस्वी रीत्या चालू राहिल्यास शरीरातील ज्ञात बाधित पेशी संपुष्टात येतील. अज्ञात साठा असल्यास हा काळ वाढेल, अशी सूचना त्या लेखातच होती. परंतु लोकांनी आशा तेवढी उचलली.

हा साठा बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट सिलिसियानो यांच्या प्रयोगशाळेत १९९५ सालीच हाती लागला होता. १९९७ साली त्यांच्यासह तीन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखवून दिले की, संयुक्त उपचाराने रक्त स्वच्छ झालेल्या रुग्णांच्या विश्रांत पेशी बाहेर काढून उद्दीपित केल्यास त्यांतून जिवंत विषाणू मिळतो. अशा पेशींचे प्रमाण दर दहा लाख विश्रांत पेशींमागे सुमारे एक, इतके अल्प होते. परंतु तो एकांश टिकाऊ होता. २००३ साली याच गटाने केलेल्या गणनेनुसार हा साठा निम्मा होण्यास ४४ महिने लागतात आणि दहा लाख सुप्त पेशींचा साठा केवळ औषधाने संपण्यास ७३ वर्षांहून अधिक काळ लागेल. तीन वर्षांचा हिशेब एका मनुष्यजन्माचा झाला. पुढे २०१४ साली असेही आढळले की, या पेशी नुसत्या टिकत नाहीत. पूर्वविषाणूसह त्या दुभंगून आपली संख्याही राखतात.

मिसिसिपी राज्यातील एका बालिकेच्या उदाहरणाने हा धडा अधिक गडद केला. जन्मानंतर काही तासांतच उपचार सुरू झालेल्या या बालिकेचे औषध पुढे बंद पडले, तरीही विषाणू दिसेना. २०१३ साली ती रोगमुक्त झाल्याचे जाहीर झाले. औषधाविना सुमारे २७ महिने लोटल्यावर, २०१४ साली, विषाणू परत आला.

४. जागरणाचे प्रयोग

सुप्त पेशी ओळखता येत नसेल तर तिला जागे करावे; जागी झालेली पेशी विषाणूच्या कार्याने अथवा रोगप्रतिकारक पेशींच्या हल्ल्याने मरेल; बाहेर पडलेला विषाणू चालू औषधामुळे नव्या पेशीत शिरू शकणार नाही. या पद्धतीचा तर्क हा असा आहे. तिचे पहिले प्रयोग अतिशय ढोबळ होते. नेदरलँड्समध्ये तीन रुग्णांवर केलेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सर्व टी-पेशी एकाच वेळी उद्दीपित करण्यात आल्या. त्याचे दुष्परिणाम तीव्र झाले आणि रुग्णांच्या मौल्यवान सी.डी. ४ पेशी मात्र घटल्या. सगळ्या पेशींना एकदम जागे करणे धोक्याचे आहे, एवढे यावरून निश्चित झाले.

त्यानंतर शोध सुरू झाला तो केवळ पूर्वविषाणूवरील वेष्टन सैल करणाऱ्या द्रव्यांचा. हिस्टोनांची गुंडाळी घट्ट ठेवणाऱ्या एंझाइमांना अडविणारी काही औषधे अन्य रोगांसाठी प्रचारात होतीच. अपस्मारावरील व्हॅल्प्रोइक आम्ल हे त्यांपैकी एक. २००५ साली डेव्हिड मार्गोलिस यांच्या गटाने चार रुग्णांना ते दिले असता तिघांच्या सुप्त साठ्यात घट आढळली, आणि या वृत्ताने मोठी खळबळ उडाली. पुढील अभ्यासांत मात्र ही घट टिकली नाही. २०१२ साली याच गटाने कर्करोगावरील व्होरिनोस्टॅट या औषधाची एकच मात्रा आठ रुग्णांना दिली. त्यांच्या विश्रांत पेशींतील विषाणूचा आर.एन.ए. सरासरी ४.८ पटींनी वाढला. मनुष्यशरीरात सुप्त एच.आय.व्ही. हेतुपुरस्सर हलविता येतो, याचा हा पहिला स्वच्छ पुरावा होता. डेन्मार्कमधील आर्हुस येथे पॅनोबिनोस्टॅट व रोमिडेप्सिन या औषधांनीही २०१४ व २०१५ साली असाच परिणाम साधला; रोमिडेप्सिनच्या प्रयोगात तर विषाणू काही काळ साध्या रक्तचाचणीतही दिसू लागला.

यांपैकी कोणत्याही प्रयोगात सुप्त साठा उणा झाला नाही. त्याची कारणे दुसरीकडे स्पष्ट होऊ लागली होती. २०१२ साली सिलिसियानो यांच्या गटाने दाखविले की, जागी झालेली पेशी आपोआप मरत नाही. तिला मारणाऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात असतात खऱ्या, परंतु दीर्घकाळ विषाणू न दिसल्याने त्या मंदावलेल्या असतात. पुढील वर्षी त्याच प्रयोगशाळेतून असे प्रसिद्ध झाले की, एकदा उद्दीपित करूनही न जागणारे, तरीही संपूर्ण व कार्यक्षम असे पूर्वविषाणू पुष्कळ असतात, आणि खरा साठा पूर्वीच्या मोजणीच्या ६० पटींपर्यंत मोठा असू शकतो. मोजपट्टीच अपुरी होती.

मंदावलेल्या मारक पेशींना लशीने आधी सज्ज करून मग व्होरिनोस्टॅट देण्याचा प्रयोग ब्रिटनमध्ये ६० पुरुषांवर झाला. त्याचा निष्कर्ष २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला : नुसते नेहमीचे औषध घेणारा गट आणि हा सर्व उपचार घेणारा गट यांच्या सुप्त साठ्यांत फरक आढळला नाही. त्याच वर्षी माकडांवरील प्रयोगांत नव्या द्रव्यांनी विषाणूचे जागरण पूर्वीपेक्षा पुष्कळच प्रबळ झाले. साठा मात्र तेथेही निश्चितपणे घटला नाही.

बर्लिन येथे उपचार झालेले टिमोथी ब्राऊन आणि त्यानंतरचे मोजके रुग्ण एच.आय.व्ही.पासून मुक्त झाले, ही गोष्ट खरी. परंतु त्यांचा मार्ग निराळा आहे. रक्ताच्या कर्करोगासाठी त्यांचा अस्थिमज्जा बदलण्यात आला, आणि ब्राऊन यांच्या बाबतीत तो अशा दात्याचा होता की, ज्याच्या पेशींवर विषाणूला शिरण्यासाठी लागणारे सी.सी.आर. ५ हे द्वारच नव्हते. हा उपचार स्वतःच जीवघेणा ठरू शकतो. धडधाकट माणसाला तो देता येत नाही. त्याने समूळ निवारण शक्य आहे हे सिद्ध झाले. सर्वसामान्य रुग्णाचा मार्ग त्यातून निघाला नाही.

५. वनस्पतींची साक्ष

जागरणकारक द्रव्यांच्या शोधात वनस्पतींचा भाग लक्षणीय आहे. सामोआ बेटांवरील वैदू काविळीवर ज्या वृक्षाची साल वापरीत, त्यातून १९९२ साली प्रोस्ट्रॅटिन हे द्रव्य मिळाले, आणि ते सुप्त विषाणूस जागे करते असे पुढे आढळले. त्यापासून मिळकत झाल्यास सामोआच्या जनतेस वाटा देण्याचे करार झाले, हेही नोंदण्यासारखे आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण शेराचे. दख्खनमध्ये शेताच्या बांधावर व कुंपणाला लावला जाणारा, मोडताच पांढरा चीक गाळणारा शेर हा युफोर्बिया कुलातील होय. ब्राझीलमधील संशोधकांनी या वनस्पतीतील इंजेनॉलपासून बनविलेले एक द्रव्य सुप्त विषाणूस जागे करते असे दाखविले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत सत्या दांडेकर यांच्या प्रयोगशाळेने २०१५ साली त्याच कुलातील दुसऱ्या वनस्पतीच्या इंजेनॉलयुक्त द्रव्याचा असाच गुण सिद्ध केला. ही सर्व द्रव्ये पेशीतील प्रोटीन कायनेज सी हे एंझाइम चेतवितात, आणि त्याद्वारे एन.एफ.-कॅपा बी नावाचे प्रथिन पूर्वविषाणूच्या आरंभस्थानावर जाऊन बसते.

तथापि यावरून शेराचा चीक हे औषध आहे असा अर्थ काढणे घातक होय. हा चीक कातडी भाजून काढतो व डोळ्यांना इजा करतो. दांडेकर यांच्या गटाने अभ्यासिलेले द्रव्य त्वचेवरील मलम म्हणून मान्यता पावले होते. त्वचेच्या कर्करोगाचा धोका दिसल्याने ते २०२० साली युरोपात मागे घेण्यात आले. चालू गोळी सोडून गावठी उपायांकडे वळण्याचा मोह जेथे आहे, तेथे प्रयोगशाळेतील परिणाम आणि रुग्णास देता येणारे औषध यांतील हे अंतर स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे.

६. महाराष्ट्रातील विषाणू आणि रुग्ण

भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ साली चेन्नई येथे झाली. ती करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. १९९२ साली पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या नावात पुढे विषाणुशास्त्राचाही समावेश झाला आहे. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत या संस्थेने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने केलेल्या अभ्यासांपैकी दोन येथे विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला अभ्यास रमण गंगाखेडकर व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. या चिकित्सालयांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया बाधित आढळल्या. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या व पती हाच त्यांचा एकमेव जोडीदार होता. दुसरा अभ्यास १९९९ सालचा. कविता लोळे, दीपक गाडकरी, रमेश परांजपे, स्मिता कुलकर्णी आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी नुकताच संसर्ग झालेल्या भारतीय रुग्णांतील विषाणूंची जवळजवळ संपूर्ण जनुकमाला वाचली. हे विषाणू 'सी' या उपप्रकाराचे होते, आणि उपप्रकारांच्या संकराचा पुरावाही त्यांत मिळाला. असा संकर ओळखण्यासाठी या निबंधाबरोबर पुढे आलेली 'सिमप्लॉट' ही संगणकीय पद्धती नंतर जगभर वापरली गेली.

या दोन अभ्यासांच्या प्रकाशात जागरणाच्या प्रयोगांकडे पाहिले असता त्यांची मर्यादा ध्यानात येते. जगातील सुमारे निम्मे बाधित, आणि भारतातील बाधितांचा फार मोठा भाग, 'सी' उपप्रकाराने ग्रस्त आहे. याउलट अमेरिका व पश्चिम युरोप येथील प्रयोग प्रामुख्याने 'बी' उपप्रकारावर झाले. हा भेद केवळ नावाचा नाही. जेथे एन.एफ.-कॅपा बी बसते अशी स्थळे 'बी' विषाणूच्या आरंभस्थानी सामान्यतः दोन असतात, 'सी' विषाणूत तीन. आणि चार स्थळे असलेले विषाणू भारतात आढळल्याचे बेंगळुरू येथील उदयकुमार रंगा यांच्या गटाने २०१२ साली दाखविले. स्थळे अधिक म्हणजे जागरण सुलभ, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु याच गटाच्या २०२० सालच्या निबंधानुसार अधिक प्रबळ आरंभस्थान असलेला 'सी' विषाणू सुप्तावस्थेत उलट लवकर जातो. यास्तव 'बी' विषाणूवर ठरविलेली मात्रा 'सी' विषाणूलाही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. युगांडातील रुग्णांचा सुप्त साठा बाल्टिमोरच्या रुग्णांच्या सुमारे एकतृतीयांश असल्याचे २०१७ साली आढळले. तेथील उपप्रकार 'ए' व 'डी' आहेत. तरीही साठ्याचे आकारमान देशागणिक भिन्न असू शकते, एवढे त्यावरून दिसते.

स्त्रियांच्या बाबतीत उणीव अधिकच मोठी आहे. समूळ निवारणाच्या प्रयोगांत सहभागी झालेल्यांपैकी स्त्रिया केवळ ११ टक्के होत्या, असे २०१६ सालच्या एका आढाव्यात नमूद आहे. ब्रिटनमधील उपरोक्त प्रयोगात तर एकही नव्हती. २०१८ साली असे सिद्ध झाले की, इस्ट्रोजेन हे संप्रेरक आपल्या ग्राहकामार्फत सुप्त विषाणूच्या जागरणास प्रतिबंध करते. म्हणजे पुण्याच्या त्या चिकित्सालयात पतीकडून बाधित झालेली जी स्त्री आढळली, तिचा विषाणू आणि तिचे शरीर या दोहोंविषयी जागरणाच्या प्रयोगांनी फारच थोडे सांगितले आहे.

७. पुढील दिशा

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न दक्षिण आफ्रिकेतील डरबन येथे झाला. संसर्गानंतर अगदी लवकर उपचार सुरू झालेल्या, 'सी' उपप्रकाराच्या २० स्त्रियांना प्रतिपिंडे आणि प्रतिकारशक्ती चेतविणारे औषध देऊन नेहमीची गोळी देखरेखीखाली थांबविण्यात आली. त्यांपैकी काहींच्या शरीराने दीर्घकाळ विषाणूस औषधाविना आवर घातल्याचे २०२५ साली जाहीर झाले. संख्या लहान आहे. परंतु योग्य विषाणू आणि योग्य रुग्ण निवडून प्रश्न विचारला गेला, हे या प्रयोगाचे खरे महत्त्व. त्याच वर्षी मेलबर्न येथील संशोधकांनी विषाणूचे 'टॅट' हे जागरणकारी प्रथिन बनविणारा संदेशवाहक आर.एन.ए. सूक्ष्म स्निग्धकणांतून रुग्णांच्या विश्रांत पेशींत पोहोचविला व विषाणू जागा केला. हे कार्य शरीराबाहेर काढलेल्या पेशींवर झाले असून पेशी नष्ट करण्याचा प्रश्न त्यातही शिल्लक आहे. संदेशवाहक आर.एन.ए.ची लस तयार करून २०२२ साली तिला आपत्कालीन परवानगी मिळविण्याचे काम पुण्यातील जेनोव्हा या कंपनीने केले आहे. तेव्हा हे तंत्र या प्रांतास सर्वस्वी अपरिचित नाही.

मात्र अशा कोणत्याही प्रयोगात शेवटची कसोटी एकच असते : गोळी थांबवून पाहणे. ही कसोटी निरुपद्रवी नाही. पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उपचार मधून मधून थांबविणाऱ्यांत आजार व मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळले. गोळी थांबलेल्या काळात विषाणू परतला तर जोडीदारासही धोका पोहोचतो. ज्या रुग्णास दर आठवड्याला रक्ततपासणीसाठी ३० किलोमीटर यावे लागेल, ज्याची त्या दिवसाची मजुरी बुडेल आणि ज्याला गावात रोग उघड होण्याचे भय आहे, त्याची संमती कोणत्या अर्थाने स्वेच्छेची मानावी, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाच्या आराखड्यातच असले पाहिजे.

मुंबईतील सिप्ला कंपनीने २००१ साली तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरांत देऊ केला, आणि १ एप्रिल २००४ पासून भारतात तो शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळू लागला. विषाणू निद्रिस्त ठेवण्याच्या कार्यात महाराष्ट्राचा वाटा असा मोठा आहे. त्याला जागे करून घालविण्याच्या कार्यात आरंभीची पायरी महागड्या औषधाची नव्हे. येथील दीर्घकाळ उपचार घेतलेल्या रुग्णांचा, विशेषतः स्त्रियांचा, सुप्त साठा किती व कोणत्या स्वरूपाचा आहे, आणि ज्ञात जागरणकारक द्रव्यांना तो कसा प्रतिसाद देतो, याचे काटेकोर मोजमाप ही ती पायरी होय. त्यासाठी गोळी थांबविण्याची आवश्यकता नाही. रुग्णाच्या संमतीने घेतलेले रक्त आणि सुसज्ज प्रयोगशाळा पुरेशी आहे. ज्या पुण्यात 'सी' विषाणूची जनुकमाला १९९९ साली वाचली गेली, तेथे हे काम होण्यास शास्त्रीय अडचण नाही.